आरएक्स १००चं कार्बोरेटर किट: ओव्हरफ्लो गेला, पण लेव्हलचं बघा

यामाहा आरएक्स १००ला हे किट बसवून उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उलटला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर तुमच्यासमोर जी चार-पाच पाकिटं टाकतील त्यातलंच एक. आत नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई), सीट (ती जिथे टेकते ती जागा), वाटीचं (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या भांड्याचं) गॅस्केट, दोन ओ-रिंगा. बस.

घ्यायचं कारण नेहमीचं. पेट्रोलचा कॉक चालू राहिला की सकाळी कार्बोरेटरखाली पेट्रोलचा डाग, प्लग ओला, किका मारून पाय भरून येणार. मेकॅनिकचा निकाल तयारच होता: "दादा, कार्बोरेटर गेला, नवीन टाका." नवीन म्हणजे हजारांत, आणि १९९६ला बंद झालेल्या गाडीचा ‘ओरिजिनल’ म्हणून आज जो देतात तो ओरिजिनल असेलच याची खात्री कोण देणार? मी घरीच वाटी उघडली. जुन्या नीडलच्या टोकाला गोल खाच पडली होती, उजेडात धरली की दिसत होती आणि नखाला लागत होती. एवढ्यासाठी अख्खा कार्बोरेटर? शंभरी पार केलेलं पेट्रोल जमिनीला पाजणं मला परवडत नाही, आणि उगाच कार्बोरेटर बदलणं तर त्याहून नाही.

किट बसवल्यावर गळती बंद. मी खूश. पाच तारे द्यायच्या बेतात होतो.

मग खंबाटकी घाट लागला. थ्रॉटल भरून जरा वेळ चढलं की गाडी रिझर्व्हला आल्यासारखी मरगळायची. टाकी अर्धी. चोक किंचित उचलला की लगेच पिकअप परत. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, दुसरं काही नाही. प्लग काढला तर पांढराफटक. टू-स्ट्रोकवाल्यांना सांगायला नको, लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं चालवत राहिलं की पिस्टन जाम. त्यातून ज्यांनी इंजिनला ऑइल पुरवणारा पंप काढून टाकलाय आणि टाकीतच ऑइल मिसळतात त्यांचं तर दुहेरी मरण: पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. २०२३पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) यायला लागलंय, त्यात इथेनॉल जास्त असल्यामुळे जुन्या जेटिंगवर (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) गाडी आधीच थोडी लीन पळते. मेकॅनिक म्हणाला मेन जेट मोठा टाका. जेटचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी. नको म्हटलं.

खरी भानगड नीडलच्या उंचीची होती. जुनी आणि नवी शेजारी उभ्या करून व्हर्नियर लावला: नवी किंचित उंच. किंचित म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतकी. पण फ्लोट (वाटीत तरंगून नीडल वर ढकलणारा तुकडा), तो ज्यावर फिरतो ती पिन आणि नीडल यांची अंतरं बघा. नीडल पिनच्या अगदी जवळ, फ्लोट लांब. त्यामुळे नीडलपाशी पडलेला फरक फ्लोटपाशी दोन-तीन पट होतो. नीडल उंच असली की फ्लोट वर यायच्या आतच पेट्रोल बंद होतं आणि वाटीतली पातळी खाली राहते. आखूड निघाली असती तर उलट, पुन्हा ओव्हरफ्लो. आणि किटमध्ये यावर एक ओळ नाही! ‘बसवल्यावर फ्लोट लेव्हल तपासा’ एवढं छापायला काय जातं?

तपासायची पद्धतही बहुतेक गॅरेजमध्ये चुकीची बघितली. कार्बोरेटर उलटा टेबलावर ठेवतात आणि पट्टी लावतात. नीडलच्या शेपटाला स्प्रिंगवाली बारीक पिन असते. फ्लोटचं सगळं वजन तिच्यावर आलं की ती दबते आणि माप खोटं येतं. कार्बोरेटर तिरका धरून फ्लोटची पितळी पत्ती त्या पिनेला नुसती टेकेल तिथे थांबायचं, गॅस्केट काढून, बॉडीच्या कडेपासून फ्लोटपर्यंत मोजायचं. माप जास्त म्हणजे पातळी खाली, माप कमी म्हणजे पातळी वर. पातळी जुळवायला हीच पत्ती वाकवायची, पण वाकवताना फ्लोट बाहेर काढायचा. जागेवरच नोजप्लायर लावून नीडलवर दाबलं की नवीन टोकाची वाट लागली. आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, आणि तोही तुमच्या गाडीवर मूळचा कार्बोरेटर असेल तरच. आरएक्स १३५चा बसवलेल्या कितीतरी १०० फिरतायत.

शेवटी माझा विश्वास नळीवर बसला. वाटीच्या तळाच्या एका टाकाऊ ड्रेन प्लगला लेथवाल्याकडून भोक पाडून निपल बसवून घेतलं, त्याला पारदर्शक नळी, आणि नळी वाटीला खेटून वर धरली. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट, कॉक चालू. पेट्रोलमध्ये २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळलेलं असेल तर त्याच्या रंगामुळे रेघ स्पष्ट दिसते. वाटीच्या सांध्याच्या बरीच खाली होती. पत्ती केसभर वाकवली, पुन्हा बघितली, परत केसभर. कंटाळवाणं काम आहे, पण पट्टीपेक्षा हे खरं, कारण इथे प्रत्यक्ष पेट्रोलच बोलतं.

त्यानंतर घाटात चोकला हात लावायची वेळ आली नाही. प्लग विटकरी. त्यामुळे एक तारा द्यायचा राग निवळलाय. परवा वाटी परत उघडली तेव्हा किटच्या नीडलचं टोक गुळगुळीत होतं, ई२० पिऊनसुद्धा. गॅस्केट मात्र फुगलं, वाटी काढली की परत खाचेत बसायला तयार नाही. जुनं गॅस्केट जपून ठेवलं होतं, तेच लावून टाकलं.

तीन तारे. नीडल-सीटसाठी घ्या, बाकीचं पाकिटातच राहू द्या. आणि घेताना जुनी नीडल खिशात टाकून न्या, काउंटरवरच दोन-तीन पाकिटं उघडायला लावा आणि उंची जुळेल तीच उचला. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.