बामणोलीच्या वाटेवरच्या फार्महाऊसवर पोकर खेळलो, तिथं काय झालं ते सगळं लिहितोय

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. बायकोच म्हणाली लिही, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील, म्हणून लिहितोय. जागेचं नाव वकिलांनी टाकू नका म्हणून सांगितलंय, पण कास बामणोली बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी नीट वाचा.

डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं, मी आणि मेहुणा, बायकापोरं घेऊन सांगलीतून निघालो, कराड सातारा करून यवतेश्वरचा घाट चढलो आणि कासच्या पुढं एका फार्महाऊसवर तीन रात्री बुकिंग होतं. जागा खरंच सुंदर, खाली शिवसागरचं पाणी, सकाळी धुकं, पोरांना वासोट्याच्या बोटीचं वेड लागलेलं. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर शेकोटीपाशी मालक स्वतः आला आणि म्हणाला, साहेब आपल्याकडं छोटा कॅसिनो आहे, गोव्याला जायची गरज नाही, एन्जॉयमेंट म्हणून बसा तासभर, लायसन आहे आपलं.

मागं जुना गोठा होता, तो रंगवून घेतलेला, आत दोन टेबलं, वर हिरवं कापड, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. मी कॉलेजपासून तीन पत्ती आणि रमी खेळलोय, पोकर मोबाईलवर फुकटच्या चिप्सवर खेळायचो, म्हणून मला वाटलं आपल्याला कळतंय. टेबलावर आधीच तिघं बसलेले. एक म्हणाला पुण्याचा बिल्डर, एक कराडकडचा ट्रॅक्टरवाला, तिसरा फारसा बोललाच नाही. एकमेकांना ओळखत नसल्यासारखे, अहोजाहो चाललेलं, तुमचं गाव कुठलं वगैरे. पहिल्या रात्री 5,000 च्या चिप्स घेतल्या, 50-100 चे ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे, आणि दीड तासात 3,400 जिंकून उठलो. मालकानं लगेच कॅश हातावर ठेवली, हसून म्हणाला, साहेबांचा हात चांगलाय. ती रात्र त्यांनी मला मुद्दाम जिंकू दिली असं आज माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या रात्री मेहुणा पण आला, तो खेळला नाही, मागं खुर्ची टाकून बघत बसला. पैसे क्यूआरवर घेत होते आणि स्कॅन केल्यावर नाव भलत्याच कुठल्यातरी किराणा दुकानाचं यायचं, तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. प्रत्येक डावातून नाल, म्हणजे अड्ड्याचा कट, काढायचे, शंभराला दहा, स्टीलच्या डब्यात टाकायचे. चांगल्या ठिकाणी सुद्धा टेबलवाला कट घेतो पण त्याला वरची मर्यादा ठरलेली असते, इथं मर्यादाच नाही. तासाला 25 डाव आणि सरासरी 1500 चा पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, धरला तर तासाला 3,750 रुपये त्या डब्यात, म्हणजे पत्ते एकदम सरळ वाटले असते तरी रात्रभर बसणारा माणूस हळूहळू मोकळाच झाला असता.

पण पत्ते सरळ नव्हतेच. बिल्डर आणि ट्रॅक्टरवाला मला मधे धरायचे, म्हणजे मी पैसे लावले की एक वाढवणार, लगेच दुसरा अजून वाढवणार, मी कंटाळून पॅक केलं की मग दोघं गुपचूप चेक चेक करत शेवटपर्यंत जाणार, एक रुपया वाढवायचे नाहीत. मेहुण्यानं अजून एक पकडलं. बिल्डरनं आपल्या दोन पत्त्यांवर बरोबर मधोमध चिप ठेवली की ट्रॅक्टरवाला डाव सोडायचा, कडेला ठेवली की राहायचा. मेहुणा माझ्या कानात म्हणाला, दाजी उठा आता. मी ऐकलं नाही. तोपर्यंत तीन वेळा मिळून 20,000 च्या चिप्स घेतल्या होत्या, पुढ्यात 9,000 उरलेल्या, आणि गेलेले परत काढायचेत एवढंच डोक्यात बसलेलं.

साडेअकराच्या सुमारास चहा आला आणि तिसऱ्या माणसाच्या हातून कप कलंडला, नेमका पत्त्यांवर. वाटणारा पोरगा म्हणाला, कॅट ओला झाला, नवीन काढतो, आणि टेबलाखालनं दुसरा कॅट काढला. मला आजही डोळ्यासमोर दिसतं, त्या डबीचं प्लास्टिक आधीच काढलेलं होतं. दोनदा वरवर पिसल्यासारखं केलं, काटायला माझ्याकडं न देता बिल्डरकडं दिला आणि वाटायला सुरुवात. मला आले बदाम राजा आणि किलवर राजा. दोन राजे पहिल्याच वाटपात यायचे म्हणजे 221 वेळांत एकदा, हे नंतर हिशोब करून बघितलं. पोकरमधे प्रत्येकाला दोन पत्ते आणि मधे पाच पत्ते सगळ्यांचे सामाईक, त्यातले मधले तीन पत्ते उघडले, चौकट राजा, इस्पिक सत्ती, बदाम सत्ती. माझं फुल हाऊस तयार, म्हणजे तीन राजे आणि दोन सत्त्या. हात थरथरायला लागले माझे. ट्रॅक्टरवाला आणि तो तिसरा लगेच पॅक, राहिलो मी आणि बिल्डर. चौथा पत्ता पडला, पाचवा पडला, दोन्ही बारके. बिल्डरनं एकदम 34,000 ढकलले.

आता इथं लक्ष द्या, पोकर माहीत असलेल्यांनी पण. नियम असा आहे की डाव सुरू झाल्यावर तुमच्या पुढ्यात जेवढ्या चिप्स आहेत तेवढ्यावरच तुम्ही शेवटपर्यंत जाऊ शकता. समोरच्यानं कितीही लावू दे, तुम्ही तुमचे 9,000 टाकून ऑल इन म्हणायचं, त्याचे जास्तीचे त्याला परत. डावाच्या मधे घरनं पैसे आणा असं कुणी म्हणूच शकत नाही. मी तसं विचारलं सुद्धा. तर मालक म्हणाला, ते मोबाईलवर असतं साहेब, इथं पूर्ण कॉल करा, समोरच्याएवढे भरा, नाहीतर पॅक. आणि लगेच खांद्यावर हात ठेवून, कमी पडतायत ना, मी देतो की, आपल्याच घरातले आहात. वहीचं पान समोर आलं, 25,000 हातउसने घेतले, घरगुती अडचणीसाठी, तारीख, सही. पेन पण त्याच्या खिशात तयार होतं. हातात फुल हाऊस असताना मी सही केली.

बिल्डरनं पत्ते उलटे केले, किलवर सत्ती, चौकट सत्ती. चार सत्त्या, फुल हाऊसच्या वरचा हात.

हातातले दोन आणि मधले पाच अशा सात पत्त्यांतून चार सारखे जमणं साधारण 595 वेळांत एकदा होतं. होऊ शकतं, मान्य आहे. पण नवीन कॅटच्या पहिल्याच डावात, एकाला तीन राजे दोन सत्त्या आणि दुसऱ्याला चार सत्त्या, आणि तेही चहा सांडल्यावर लगेच, हे मला कुणी पटवून द्यावं.

रात्रभर झोप नाही. पहाटे बाहेर आलो. त्या फार्महाऊसवर एक काळं कुत्रं होतं, दोन दिवस आमच्या पोरांवर, आमच्यावर, दूधवाल्यावर, सगळ्यांवर भुंकायचं, साखळी तोडेल की काय वाटायचं. तेच कुत्रं स्वयंपाकघराच्या मागं त्या पुण्याच्या बिल्डरच्या पायात लोळत होतं, तो त्याला नावानं हाक मारून कालच्या भाकरीचे तुकडे घालत होता. शेजारी वाटणारा पोरगा आणि ट्रॅक्टरवाला पाण्याची मोटर चालू करत होते. कुणीच पाहुणा नव्हता हो तिथं, पाहुणे फक्त आम्हीच.

आम्ही त्याच सकाळी निघालो. चार दिवसांनी फोन चालू झाले, आधी गोड, मग तुमचा खेळतानाचा व्हिडिओ आहे, ऑफिसच्या ग्रुपवर टाकू का. घाबरून मी 10,000 अजून पाठवले, बायकोला न सांगता. ते सगळ्यात मोठं चुकलं, कारण त्यानंतर फोन दिवसाला दोन यायला लागले.

शेवटी बायकोला सांगितलं आणि ओळखीच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, लायसन कसलं होतं? पोरीनं आत फोटो काढलेला, तो मोठा करून बघितला तर फ्रेममधलं सर्टिफिकेट उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, जी कुणीही ऑनलाईन फुकटात करतो. वकील म्हणाले, महाराष्ट्रात कॅसिनोचं लायसन नावाची गोष्टच नाही. 1976 ला कॅसिनोचा कायदा केला होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 ला सरकारनं तो रद्द पण केला. गोव्यातलं वेगळं, तिथं त्यांचा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठंही लायसनवाला कॅसिनो म्हणाले की ते खोटं. पोकर स्किल गेम आहे, रेड पडत नाही, असं पण तिथं सांगत होते, तर गुजरात हायकोर्टानं 2017 ला पोकरला जुगारच म्हटलंय आणि आपल्याकडं 1887 चा जुगारबंदी कायदा आहे, त्यात अड्डा चालवणारा तर अडकतोच, खेळताना सापडलेला पण अडकतो. याच भीतीवर त्यांचा सगळा धंदा आहे, फसलेला माणूस तोंड उघडत नाही.

चिठ्ठीवर हातउसने का लिहून घेतलं तेही तेव्हा कळलं. जुगाराचे पैसे कोर्टातनं वसूल करता येत नाहीत, करार कायद्याचं कलम 30 आहे, म्हणून घरगुती अडचण लिहायला लावली. वकिलांनी धमकीचे मेसेज, कॉलच्या नोंदी, क्यूआरचे स्क्रीनशॉट सगळं लावून पोलिसांत खंडणीचा अर्ज दिला, मी जाऊन खरं ते सगळं सांगितलं, खेळलो हे पण सांगितलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तेव्हा बराच उशीर झालेला, तो लगेच करायचा असतो, पहिल्या काही तासांत.

एकूण गेले 26,600. अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवसापासून फोन बंद आहेत. चिठ्ठी अजून त्यांच्याकडंच आहे.