बीर-बिलिंगमध्ये लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी: दिवाळीचा हंगाम की चैत्राचा?

कामशेत किंवा पाचगणीला पॅराग्लायडिंग शिकलेल्या, थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात, स्वतःहून चढू लागलेल्या आणि तासा-दोन तासांची उड्डाणे सहज करणाऱ्या पायलटाला पुढचा टप्पा म्हणून हिमाचलमधील बीर-बिलिंग दिसू लागते, आणि तिथे जायचे ठरले की पहिला प्रश्न महिन्याचा येतो. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पावसाळ्यामुळे तिथे उड्डाणांना बंदी असते आणि डिसेंबर ते फेब्रुवारीतला दिवस लांब पल्ल्यासाठी फार अपुरा पडतो. त्यामुळे निवड ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल-मे या दोन कालखंडांतच करावी लागते. मी दोन्ही हंगामांत तिथे उडालो आहे. आता माझी रजा चैत्रात पडते, पण दिवाळीत जाणारे चुकतात असे माझे म्हणणे नाही; त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि त्यापासूनच सुरुवात करणे योग्य होईल.

मार्ग दोन्ही हंगामांत एकच असतो. बीर गावाच्या वर सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या बिलिंगहून टेकऑफ घ्यायचा, धौलाधार या पर्वताची पुढची रांग उजव्या हाताला ठेवून वायव्येकडे निघायचे, बैजनाथच्या वरचे बिनवा खड्ड, मग आवा, पालमपूरच्या डोक्यावरचे न्यूगल आणि चामुंडाजवळचे बनेर अशी एकामागून एक खड्डे ओलांडत धर्मशाळा गाठायची आणि जमल्यास परत यायचे. सरळ रेषेत हे अंतर एका बाजूने चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. कांगड्यात डोंगरातून खाली धावणाऱ्या ओढ्या-नद्यांना ‘खड्ड’ म्हणतात. प्रत्येक खड्डाने रांगेत खोल घळ पाडलेली असल्यामुळे तिथे काही काळ उतारही साथ देत नाही आणि लिफ्टही, म्हणजे वर उचलणारी हवाही. एका सोंडेवर उंची मिळवून पुढच्या सोंडेवर पोहोचण्याचा हा खेळ आहे, आणि त्या उंचीचा प्रश्नच दोन हंगामांना वेगळे करतो.

दिवाळीच्या हंगामाचा मोठा गुण म्हणजे भरवसा. मान्सून माघारी गेल्यावर आणि हिवाळ्यातले, पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ सुरू होण्याआधी उत्तरेकडील डोंगरांवर जी स्थिर, कोरडी हवा बसते, ती आठवडेच्या आठवडे टिकू शकते. सकाळी उठून आकाशाकडे न पाहताही आज उडता येईल असे म्हणता येते, आणि पुण्या-मुंबईहून दोन महिने आधी तिकिटे काढणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची असते हे वेगळे सांगायला नको. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपच्या स्पर्धा बीरला झाल्या त्या याच दिवसांत. थर्मल सौम्य असतात, त्यांच्या कडा बोथट असतात आणि मोठा कोलॅप्स, म्हणजे ग्लायडरचे हवेत मिटणे, सहसा वाट्याला येत नाही. खाली भाताची कापणी झालेली किंवा होत आलेली असते. त्यामुळे धर्मशाळेला न पोहोचता मध्येच उतरावे लागले तरी कोरडी, रिकामी शेते सापडतात आणि शेतकऱ्याचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. हा मुद्दा कागदावर किरकोळ वाटतो, पण खड्डाच्या अलीकडे उंची संपत चाललेली असताना तो अजिबात किरकोळ राहत नाही.

असे असूनही तो हंगाम मी सोडला, त्यामागे एकच त्रास आहे आणि तो टेकऑफनंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात भोगावा लागतो. दिवाळीच्या आसपास बिलिंगवर गर्दी असते हे सर्वांना ठाऊक आहे: परदेशी पायलटांचे गट, अभ्यासक्रमाला आलेले विद्यार्थी, सुट्टीतल्या पर्यटकांना घेऊन पाठोपाठ निघणारे टॅन्डम, आणि पसरलेल्या ग्लायडरवरून फोटो काढत चालणारी कुटुंबे. जमिनीवरची ही गर्दी थोडा संयम ठेवला तर सोसता येते. खरी अडचण हवेत आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती नुसत्या संख्येने येत नाही, इन्व्हर्जनमुळे येते. स्थिर हवेच्या त्या दिवसांत दरीतल्या थंड, धुरकट हवेवर उबदार हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसलेला असतो. टेकऑफजवळच्या नेहमीच्या हाऊस थर्मलमधून वर आलेला प्रत्येक जण त्या थराखाली एकाच पातळीवर अडकतो, कारण तिथे चढ दाखवणाऱ्या व्हेरिओ यंत्राचा आवाज मंदावतो आणि मग थांबतो. पुढची सोंड गाठण्यासाठी आणखी शे-दोनशे मीटर हवे असतात, ते कोणालाच मिळत नाहीत आणि ते मिळाल्याशिवाय कोणालाच निघायचे नसते. खालून नवे येत राहतात, वरचे जात नाहीत. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी पायलट हा हंगाम निवडतो, ती हवेची स्थिरताच सर्वांना एका पातळीत कोंडून ठेवते.

या थराखाली फिरणे मला उड्डाण वाटत नाही. सगळे एकाच दिशेने वळत असले तरी एखादा नवखा आतल्या बाजूने आडवा येतो, एखादा अचानक ब्रेक ओढून वर येतो, आणि प्रत्येक वळणावर मान इतकी फिरवावी लागते की थर्मलचा गाभा कुठे सरकला याकडे लक्षच जात नाही. टॅन्डमवाल्यांना मी दोष देत नाही; त्यांचे हात आमच्यापेक्षा सराईत असतात आणि त्यांचे पोट त्यावर आहे. परंतु त्यांचे उड्डाण छोटे आणि आमचे लांब, आणि दोघांची सुरुवात त्याच एका थर्मलमध्ये. ही नुसती गैरसोय नव्हे: २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बीरला हवेत दोन ग्लायडरची टक्कर होऊन एका बेल्जियन पायलटचा मृत्यू झाला. एका दुर्घटनेवरून हंगामाला नावे ठेवणे बरोबर नाही हे मला मान्य आहे, पण त्या थराखाली फिरताना मनात जी धास्ती असते तिला कारण नाही असेही म्हणता येत नाही.

या खोळंब्याची किंमत पुढे मोजावी लागते. ऑक्टोबर संपता संपता सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि डोंगर त्याच्या बराच आधी थंडावतो. हवा साडेदहा-अकराला उठली आणि पाऊण तास त्या घोळक्यात गेला, तर धर्मशाळेला जाऊन परत येण्यासाठी उरणारा वेळ हिशेबाला पुरत नाही. माझ्या अनुभवात त्या दिवसांतली उंची ३,००० ते ३,५०० मीटरच्या दरम्यान घुटमळते. तेवढ्यावरून न्यूगल ओलांडले की पलीकडच्या सोंडेवर आपण कमरेइतक्या खाली पोहोचतो आणि देवदारांच्या शेंड्यांजवळ चाचपडत पुन्हा वर यावे लागते. आकाश बहुधा निरभ्र असल्यामुळे थर्मल कुठे आहे हे दाखवायला ढगही नसतो. गिधाडे दिसली तर त्यांच्या मागे जायचे, नाही तर उन्हाची सोंड ओळखून अंदाज करायचा. ही कला शिकण्यासाठी शरद उत्तम आहे असे म्हणणारे अनुभवी पायलट मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतका माझा अधिकार नाही.

चैत्रात बिलिंगवरून निघाल्यावर पहिला फरक जाणवतो तो याच ठिकाणी. झाकण बहुतेक दिवशी नसते, किंवा अकरा-साडेअकरापर्यंत फुटते. हाऊस थर्मलमधून निघालेला पायलट दहा मिनिटांत इतका वर गेलेला असतो की त्याच्या मागून येणाऱ्याला तो अडसर होतच नाही. उभ्या दिशेने सगळे विखुरले जातात. त्यात माणसेही कमी असतात, कारण परदेशी गटांचा मोठा भर शरदात असतो. चार हजार मीटरच्या आसपास बेस, म्हणजे ढगांचा तळ, असलेल्या दिवशी बिनवा आणि आवा ही खड्डे आली कधी आणि गेली कधी हे लक्षातही येत नाही, न्यूगलच्या पलीकडे सोंडेच्या माथ्यावरून प्रवेश होतो, आणि ढगांची रांग लागली असेल तर चामुंडापर्यंत एकदाही न वळता जाता येते. एप्रिलच्या अखेरीस सूर्यास्त सातच्या जवळ असतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर घड्याळ पाहावे लागत नाही. जाताना उजव्या हाताला बर्फाच्या भिंती इतक्या जवळ असतात की हातमोजे जाड नसतील तर बोटे आधी तक्रार करतात, म्हणून त्यांवर पैसे वाचवू नयेत.

मात्र चैत्राचे दोषही तितकेच खरे आहेत. पहिला दोष पश्चिमी विक्षोभाचा: तो आला की दोन-तीन दिवस पाऊस, वरती ताजा हिमवर्षाव, आणि आठवड्याची रजा काढून आलेला माणूस बीरच्या कॅफेत चहा पीत बसलेला. दुसरा आणि अधिक गंभीर दोष म्हणजे दुपारची ओव्हरडेव्हलपमेंट, म्हणजे ढगांची बेसुमार वाढ. सकाळी कापसाचे दिसणारे ढग दुपारी एक ते तीनच्या दरम्यान फुगून काळे पडू शकतात, आणि अडचण अशी की मोठा ढग बहुतेकदा मागच्या रांगेवर वाढतो. आपण पुढच्या रांगेच्या खालच्या अंगाला असू तर तो दिसत नाही, केवळ आपल्यावरचे ऊन गेल्याचे जाणवते. ज्याला आकाश वाचून वेळेवर पाठ फिरवता येत नाही, खिशात चार हजार मीटर उंची असताना मैदानाकडे निघून उतरण्याचा निर्णय घेता येत नाही, त्याने या हंगामात लांब जाऊ नये. तिसरा दोष थर्मलच्या जोरकसपणाचा. कडा तीक्ष्ण असतात, ग्लायडर पुढे झेपावतो, मागे ओढला जातो, आणि हात जागे ठेवावे लागतात. चौथा गव्हाचा: एप्रिलमध्ये खालची शेते उभ्या पिकाने भरलेली असतात आणि पालमपूरच्या बाजूला चहाचे मळे तर बारा महिने असतातच, त्यामुळे उतरण्याची जागा वरूनच, भरपूर उंची हाती असताना, निवडून ठेवावी लागते. उतरण्याच्या बाबतीत दिवाळीचा हंगाम निर्विवाद सरस आहे.

तरीही पारडे चैत्राकडे झुकते असे मला वाटते, आणि त्याला महाराष्ट्रातल्या पायलटांपुरते एक खास कारण आहे, जे या चर्चेत फारसे निघत नाही. आपल्याकडे जूनपासून पावसाळा संपेपर्यंत कामशेत बंद असते. दिवाळीला बीर गाठणारा आपला पायलट चार महिने जमिनीवर काढून, फार तर एक-दोन आठवडे ग्लायडर हाताळून हिमालयात पोहोचतो. हवा सौम्य असते खरी, पण त्याचे हात गंजलेले असतात, आणि नेमक्या त्याच अवस्थेत तो वर वर्णन केलेल्या घोळक्यात शिरतो. उलट मार्चअखेरीस जाणारा पायलट सारा हिवाळा सह्याद्रीत उडालेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मावळातली तापलेली पठारे जे थर्मल देतात ते उंचीने धौलाधारच्या पासंगाला पुरणार नाहीत, पण फटकारण्यात ते कमी नसतात. दुपारनंतर कोकणातून चढून येणारा पश्चिम वारा त्यांना फाडतो तेव्हा ग्लायडर सावरण्याचा जो सराव होतो, तो चैत्रातल्या बीरला थेट उपयोगी पडतो. चैत्राची हवा अधिक कडक आहे हे मी नाकारत नाही. तिच्यासमोर जाणारा आपला माणूस अधिक तयार असतो एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्याने आजवर थर्मलमध्ये एकट्याने सलग तासभर काढलेला नाही, ज्याचा रिझर्व, म्हणजे आणीबाणीचा पॅराशूट, पुन्हा घडी घालून घ्यायचा राहिला आहे, किंवा जो डोंगराच्या हवेत पहिल्यांदाच पाऊल टाकतो आहे, त्याने दिवाळीच्या हंगामातच जावे, आणि शक्य असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा: सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते, थर्मल आणखी मवाळ असतात आणि पालमपूरपर्यंत जाऊन येणे हेच त्याच्यासाठी पुरेसे ध्येय आहे. दिवाळीतच जाणे भाग असलेल्या अनुभवी पायलटाने सर्वांच्या बरोबर निघण्याचा मोह टाळून पहिली लाट जाऊ द्यावी. पाऊण तास उशिरा निघाल्याने गमावलेला वेळ त्या थराखाली वाया जाणाऱ्या वेळेपेक्षा जास्त नसतो, असे निदान मला तरी आढळले.

चैत्र निवडणाऱ्याने मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा तिसरा आठवडा हा काळ पाहावा, कारण त्याआधी पुढच्या रांगेवर बर्फ बरेच खाली उतरलेले असते आणि मे उजाडल्यावर ढग लवकर बिघडू लागतात. रजा मात्र सात दिवसांची काढू नये, दहा-बारा दिवसांची काढावी आणि परतीचे तिकीट बदलता येईल असेच घ्यावे. विक्षोभ येऊन गेल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस हाती लागावा, एवढ्यासाठी ही तजवीज आहे. आकाश धुऊन निघालेले, बेस उंच आणि ढग अजून आवाक्यातले असे ते दिवस असतात, आणि सात दिवसांची रजा घेतलेला माणूस नेमका त्याच सकाळी दिल्लीच्या बसमध्ये बसलेला असतो.