सिनियर-ज्युनियर बास्केटबॉल बॅच: खरी शिकवणी बेंचवर (4/5)

तीन महिन्यांची बॅच, प्रत्येक ज्युनियरला एक जुना खेळाडू जोडून देतात, एवढं वाचूनच नाव घातलं. डोक्यात एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) खेळाडू युडोनिस हॅसलेम होता. मायामी हीट या टीमकडून 20 सीझन, शेवटी शेवटी तर कोर्टवर फारसा दिसायचाच नाही, 2020-21 ला अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच आणि त्यातही तीन मिनिटांच्या आत रेफरीने बाहेर काढला, तरी टीम त्याला सोडायला तयार नव्हती. म्हटलं हा बेंचवर बसून पोरांना नेमकं देतो तरी काय?

दुसऱ्याच आठवड्यात कळलं. माझ्या वाट्याला आलेले दादा चाळिशीचे, दोन्ही गुडघ्यांना टेप, पळणं म्हणजे आपलं भरभर चालणं. स्क्रिमेजमध्ये (आपसातल्या सरावाच्या मॅचमध्ये) मी लागोपाठ दोनदा बॉल घालवला आणि बाहेर आलो, आता झापणार म्हणून मान खाली घालूनच बसलो. तर पाण्याची बाटली पुढे करून विचारतात, "त्यांचा पॉइंट गार्ड अंगावर गेलं की कुठल्या हाताने ड्रिबल करतो?" पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन येणारा, गेम चालवणारा गडी. मला सांगता येईना. "मग बघ." पाच मिनिटं नुसतं बघितलं, स्क्रीन आली (त्याच्या टीममेटने आमच्या डिफेंडरची वाट अडवली) की गडी दरवेळी उजवीकडेच. परत आत गेलो, उजवी बाजू अडवून उभा राहिलो आणि पठ्ठ्याने डावीकडे वळताना बॉल स्वतःच्याच पायावर मारला!

दादा डिफेन्सला पायांपेक्षा तोंडाने जास्त खेळतात. "स्क्रीन डावीकडून", "मी आहे मागे, जा". आधी मी ड्राइव्हच्या (बॉल घेऊन बास्केटकडे घुसण्याच्या) भीतीने शूटरपासून लांब राहायचो, आता मागून तो आवाज आला की बिनधास्त अंगावर जातो.

आता तक्रारी. जोड्या बहुतेक नावांच्या यादीवरून लावल्यात, आमच्यातल्या सगळ्यात उंच पोराला सिनियर मिळाला गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारा, तो बिचारा त्याला पोस्टमधलं (बास्केटजवळचं) फुटवर्क काय शिकवणार? 2015-16 ला एनबीएच्या मिनेसोटा टीममध्ये जुन्या गार्नेटच्या हाताखाली नवखा टाऊन्स होता तेव्हा दोघंही बिग मॅन (बास्केटजवळ खेळणारे उंच गडी) होते, म्हणून दाखवण्यासारखं काहीतरी होतं. दुसरं म्हणजे एक सिनियर पासच देत नाहीत, सगळे शॉट स्वतः. एनबीएच्या स्पर्स टीमचा रॉबिन्सन 1995 चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), तरी तरुण डंकन आल्यावर 1999 पर्यंत टीमचा मुख्य माणूस डंकन झाला होता, आणि त्याच वर्षी स्पर्स चॅम्पियन. यांना साध्या स्क्रिमेजमध्ये बॉल सोडवत नाही.

बॅचच्या ॲपवरची लेक्चरं अगदीच टाकाऊ, मेहनत करा छाप, दोन बघून बंद केली.

माझा एक स्टार जोड्यांपायी गेला. नाव घालणार असाल तर फॉर्म भरतानाच आपली पोझिशन सांगून त्याच पोझिशनचा सिनियर मागून घ्या, नंतर बदलून देत नाहीत.