साउंड मिक्सरच्या स्क्रीनसाठी नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी बाजारात) मिळणारे गार्ड: टफन, टीपीयू की मॅट?

निकाल आधीच सांगतो. सात इंची स्क्रीनच्या डिजिटल मिक्सरला मॅट पीईटी (चकाकी नसलेल्या पातळ प्लास्टिकची) फिल्म मापात कापून लावा. टफन ग्लासच्या नादी लागू नका. आणि गाडीत चढवताना वरून वेगळं कडक झाकण हवंच, कारण स्क्रीन बहुतेक वेळा कार्यक्रमात फुटत नाही, ने-आणीत फुटते.

टफनची पहिली अडचण मापाची. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात की तुकडे होतात. बर्डीत मिळतात ते मोबाइल-टॅबच्या मापाचे, आणि टॅबचा ग्लास मिक्सरच्या चौकटीत बसत नाही. एक बाजू कडेवर चढते, खाली हवा राहते, तेवढ्या पट्टीत टच नीट लागत नाही. पाकिटावरचं ‘९एच’ पाहून भुलू नका. तो पेन्सिलीने ओरखडा पाडून पाहण्याच्या चाचणीचा आकडा आहे. वरून एक्सएलआरचा (माइकच्या केबलचा) धातूचा जॅक आदळला तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

टीपीयूची (मऊ, लवचिक प्लास्टिकची) शीट मशीनवर कापून देणारी दुकानं बर्डीत पुष्कळ आहेत. मशीनच्या यादीत मिक्सरचं मॉडेल सापडणार नाही, म्हणून माप घेऊन जा आणि साधा आयत कापून मागा. बारीक ओरखडे ही फिल्म स्वतःच भरून काढते. पण ती मऊ असल्यामुळे ईक्यूचा (आवाजाचा जाड-बारीकपणा ठरवणाऱ्या आलेखाचा) पॉइंट ओढताना बोट अडखळतं. शिवाय ती साबणाचं पाणी फवारून लावतात. मोबाइलला चालतं, मिक्सरला मुळीच नाही. पाणी चौकटीच्या फटीतून आत उतरतं. दुकानदाराने बाटली उचलली तर तिथेच थांबवा.

मॅट पीईटी कोरडीच लागते, बोट सरळ सरकतं आणि मंडपातल्या हॅलोजनची तिरीप विखुरते. बारीक अक्षरं किंचित दाणेदार दिसतात, तेवढं सोसावं लागतं. ॲलन अँड हीथच्या एसक्यू-५ मिक्सरची स्क्रीन कपॅसिटिव्ह (मोबाइलसारखी बोटाच्या स्पर्शाने चालणारी) आहे, पातळ फिल्ममधून तिला बोट व्यवस्थित कळतं. बेहरिंजरच्या एक्स३२ मिक्सरला टच नाहीच, म्हणून तिथे फिल्मची निवड फक्त दिसण्यावर करा.

लावताना घाई नको. मिक्सर बंद, पंखा बंद, कूलर तर आधी बंद. चौकटीच्या आतलं माप मोजा आणि फिल्म लांबी-रुंदीत १-१ मिमी कमी कापा. कोपरे कात्रीने जरा गोल करा, टोकदार कोपराच आधी उचलतो. कापड किंचित ओलं करून पुसा, स्क्रीनवर थेट काही फवारू नका. मग फिल्म कोरडीच जागेवर ठेवून एका लांब कडेला चिकटपट्टीची बिजागरी करा आणि पुस्तकाच्या पानासारखी उलटा. मागचा कागद दोनेक सेंटीमीटर सोलायचा, कापडात गुंडाळलेल्या कार्डाने दाबत पुढे जायचं, पुन्हा तेवढाच सोलायचा. मध्येच टाचणीच्या डोक्याएवढा फुगा दिसला आणि दाबूनही हलला नाही, तर ती हवा नाही, धुळीचा कण आहे. तिथपर्यंत फिल्म उचला, सेलोटेपची चिकट बाजू कणाला टेकवून काढा, मग बसवा.

झाकणासाठी ३ मिमी पॉलिकार्बोनेट (कडक प्लास्टिकची शीट) घ्या. ॲक्रिलिक स्वस्त पडतं आणि लेझरवर सुबक कापून मिळतं, पण फटक्याने तडकतं, सॅनिटायझरने पुसलं तर बारीक जाळी धरतं. पॉलिकार्बोनेट लेझरवर जळून पिवळं पडतं, ते करवतीनेच कापून घ्या. झाकणाचा भार स्क्रीनवर नको, भोवतीच्या पत्र्यावर हवा. म्हणून कडेने ईव्हीए फोमची (चिवट, रबरासारख्या फोमची) पट्टी लावा. एक्स३२ च्या स्क्रीनखाली सहा नॉब आहेत, त्यांना जागा सोडूनच माप काढा.

फ्लाइट केसच्या (मिक्सर ने-आणीच्या कडक पेटीच्या) झाकणातला काळा स्पंजही तपासा. उकाडा आणि पावसाळी दमट हवेत तो काही वर्षांत कुजतो, बोटाने दाबला तर काळा चिकट चुरा हाताला लागतो. हाच चुरा स्क्रीनवर बसतो. असा स्पंज काढून तिथेही ईव्हीए किंवा एक्सएलपीई (तसाच दाट फोम) बसवा.

गणपतीत गुलाल बसला तर कापडाने घासू नका, कोरडा गुलाल ओरखडे पाडतो. आधी मऊ ब्रशने झटका, मग पुसा.

उन्हावर मात्र यातलं काहीच चालत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. कस्तुरचंद पार्कसारख्या उघड्या मैदानात दुपारी साउंड चेक असेल तर थेट उन्हात एलसीडी काळी पडू शकते. घाबरून बर्फ किंवा ओलं फडकं लावू नका. सावलीत आणा, निवली की बहुधा पूर्ववत होते. मिक्सरवरची छत्री कार्यक्रमाच्या वेळेला नाही, माल उतरवतानाच उभी करा.