रेकाँग पिओ ते काझा एचआरटीसीच्या (हिमाचलची सरकारी एसटी) साध्या बसने, पाचपैकी पाच स्टार

सप्टेंबरात आई आणि मी हिमाचलमधलं किन्नौर-स्पिती करून आलो. सगळे सांगत होते टॅक्सीच करा, आईला बस झेपणार नाही वगैरे. आम्ही साध्या बसने गेलो आणि फार छान गेलो म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी दिल्लीहून शिमल्याला एका खाजगी व्होल्वोने आलो, नाव लिहित नाही, पण त्यांनी पहाटे चारला शिमल्याच्या बरंच अलीकडे हायवेवरच उतरवलं, मिट्ट काळोख आणि आईच्या हातात बॅगा. तिथेच ठरवलं की आता पुढे फक्त सरकारी बस.

किन्नौरमधल्या पिओहून स्पितीतल्या काझाची गाडी सकाळी लवकर सुटते, तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर. अंतर 200 किमीच्या आसपास पण दिवस अख्खा जातो हे धरूनच चला. सीट साध्या, काचा खडखडतात, पाय ठेवायच्या जागेत कोणाचं तरी पिठाचं पोतं असतं. पण ड्रायव्हर! खाब गावापाशी सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो, तिथे NH-5 सुटतो आणि NH-505 सुरू होतो, मग नाकोकडे जी वळणं चढायला लागतात तिथे समोरून ट्रक आला की आपली बस मागे घ्यावी लागते, कंडक्टर खाली उतरून मागच्या चाकाशी उभा राहतो आणि शिट्टी वाजवत राहतो, चाक आणि दरी यात हातभर अंतर, आणि ड्रायव्हर आरशात बघत शांतपणे गाडी मागे घेतो. आईने माझा दंड धरलेला तो पार नाको येईपर्यंत. आपल्या एसटीत घंटी असते तशी इथे शिट्टी, एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल.

नाकोच्या पुढे मलिंग नाल्यापाशी दरड आली होती. दोन तास गेले. बीआरओची (सीमाभागातले रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) माणसं डोझर लावून दगड बाजूला करत होती, धूळ नाकातोंडात, आणि आमच्या बसमधल्या एका किन्नौरी आजींनी सगळ्यांना सफरचंदं वाटली. चिडचिड कोणीच केली नाही, इथल्या लोकांना सवय आहे म्हणा.

पुढे एका वळणावर, जिथे लांबपर्यंत घर दिसत नव्हतं, तिथे एक बाई उभ्या होत्या. कंडक्टरने त्याच्या सीटखालून औषधाचं पुडकं काढून त्यांना दिलं, त्यांनी दुधाचा रिकामा कॅन वर चढवला, दोन शिट्ट्या, गाडी निघाली. अर्धं मिनिट लागलं असेल. 2011 च्या जनगणनेत हिमाचलचे जवळजवळ 90 टक्के लोक खेड्यात राहणारे, किन्नौर आणि लाहौल-स्पितीला रेल्वे नाहीच, तेव्हा 1974 पासूनची ही एचआरटीसी म्हणजे तिथला दवाखाना, शाळा, बाजार सगळं. आपल्याकडे मुक्कामी गाडी असते तशीच इथेही शेवटच्या गावात रात्रभर बस उभी राहते आणि सकाळी पोरांना घेऊन निघते. माझं सगळं कॉलेज मुक्कामी गाडीवर झालंय त्यामुळे हे बघून खरंच भरून आलं.

रस्त्यांना मात्र पाचपैकी तीनच देईन. परत येताना दिवसा बघितलं, सोलन ते परवाणू फोरलेन झालाय, गाडी मस्त पळते, पण रुंदीकरणासाठी डोंगर उभाच्या उभा कापलाय आणि 2023 च्या पावसाळ्यात 'चक्की मोड' नावाच्या ठिकाणी हाच रस्ता खचून काही दिवस बंद पडला होता. एवढा कच्चा डोंगर असा कापू नये हो, खाली गावं आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कृपया जाऊ नका.

आईला विरळ हवेचा त्रास झाला नाही. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे पण किन्नौरमधून हळूहळू चढत गेलं की अंगाला सवय होते, आम्ही पिओत दोन रात्री काढल्या त्याचाही फायदा झाला. भारतीयांना या रस्त्यावर परमिट लागत नाही. पाणी, कानटोपी आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा, उलटीची गोळी आदल्या रात्रीच विकत घ्या कारण सकाळी दुकानं बंद असतात.

पुढच्या वर्षी बर्फ वितळून कुंझुम खिंड उघडली की काझाहून मनालीकडे उतरायचंय, तेही बसनेच. आई आत्तापासून विचारतेय कधी निघायचं.