प्रागचा ‘उ झ्लातेहो तिग्रा’ : बिअर प्यायला जा, धिंगाणा घालायला नको

प्रागला निघालेल्या कोणीही विचारलं की बाबा बिअर नेमकी कुठे प्यायची, तर मी डोळे झाकून ‘उ झ्लातेहो तिग्रा’ या पबचं नाव सांगतो. जुन्या शहरात हुसोवा नावाच्या रस्त्यावर आहे, दारावर वाघ आहे, नावाचा अर्थही तोच, सोनेरी वाघ. 1994 साली तेव्हाचे झेक राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल बिल क्लिंटनना घेऊन इथेच आले होते त्यामुळे टुरिस्ट लोकांच्या यादीत हे नाव असतंच, पण आत गेलात की कळतं हा पब टुरिस्टांसाठी सजवलेला नाहीये. लांब लाकडी बाकं, कमानदार छत, म्युझिक अजिबात नाही, फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज. दुपारी 3 ला उघडतं आणि त्याच्या आधीच बाहेर रांग लागलेली असते. बरीच टेबलं रोजच्या गिऱ्हाइकांची ठरलेली, तुम्हाला वेटर दाखवेल तिथे बसायचं, अनोळखी माणसांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून. मला हे फार आवडलं.

आता सिस्टिम सांगतो कारण सगळी मजा त्यातच आहे. तुम्ही बसलात की समोर कागदाची एक चिठ्ठी येते. बिअर आली की वेटर त्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो, दुसरी आली की दुसरी रेघ. ग्लास संपत आला की न मागता पुढचा समोर येतो, नको असेल तर ग्लासखालचं पुठ्ठ्याचं पॅड ग्लासवर ठेवायचं किंवा सरळ बिल मागायचं. म्हणजे आपण किती प्यायलो ते सगळ्या टेबलासमोर कागदावर लिहिलेलं असतं! माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांच्या चिठ्ठीवर भरपूर रेघा होत्या पण माणूस एकदम शांत, ग्लास उचलायचा, दोन घोट, खाली, मग पुन्हा शेजाऱ्याशी गप्पा. आवाज चढला नाही की पाय लटपटले नाहीत, उठले, पैसे दिले, टोपी घातली आणि गेले. बिअर पिल्सनर उर्क्वेल, म्हणजे 1842 मध्ये प्लझेन शहरात जी पहिल्यांदा बनली तीच, वर तीन बोटं घट्ट ओला फेस. आपल्याला वाटतं फेस म्हणजे फसवणूक, तर इथे उलटं आहे, फेस बिअरला हवेपासून वाचवतो आणि तो नीट आला नाही तर नळावरच्या माणसाचीच अब्रू जाते. ग्लास धुणं, गार ठेवणं, नळ किती उघडायचा हे सगळं शिकलेला माणूस असतो तो. जुन्या ग्लासातली उरलेली बिअर नव्यात ओतू नका, झेक माणसासमोर तर नकोच.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे त्याच संध्याकाळी दारात एकसारखे टीशर्ट घातलेला बॅचलर पार्टीचा मोठा घोळका आला. आधीच चढलेली, एकजण भिंतीला धरून उभा, बाकीचे गाणी म्हणतायत. वेटरने आत घेतलंच नाही, जागा नाही म्हणाला, वाद नाही आरडाओरडा नाही, दार बंद. आत बसलेल्या कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, इतकं हे त्यांच्या रोजचं झालंय. वाईट वाटलं मला, त्या पोरांचं नाही, वर राहणाऱ्या लोकांचं. जुन्या शहरात दुकानांच्या आणि पबच्या वर घरं आहेत, तिथे म्हातारी माणसं आहेत, सकाळी शाळेत जाणारी पोरं आहेत, आणि द्लोउहा रस्त्यावर राहणाऱ्यांनी तर रात्रीच्या गोंगाटाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्यात.

आम्ही पण एका रात्री भावंडांच्या आग्रहाखातर पब क्रॉल, म्हणजे एका रात्रीत एकामागून एक पब फिरवणारी टूर, घेतला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिला तास अनलिमिटेड, बिअर वाइन व्होडका काय हवं ते, आणि मग गाइड सगळ्यांना हाकत एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये नेतो. आता विचार करा, पैसे आधीच भरलेत, तास संपायला वीस मिनिटं राहिलीत, माणूस काय करणार, ढोसणारच. चव, गप्पा, ज्या शहरात आलोय ते शहर, काही काही नाही. आमच्यातली एक मुलगी दुसऱ्या क्लबच्या बाहेर फुटपाथवर बसून उलट्या करत होती आणि गाइड पुढच्या ठिकाणी चला म्हणून घाई करत होता. हा धंदाच तसा बांधलेला आहे. तिथल्या महापालिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 असे गाइडवाले पब क्रॉल बंद करायचं ठरवलं ते शंभर टक्के बरोबर केलं. आपले आपण मित्रांबरोबर दोन-तीन पबमध्ये गेलात तर कोणी अडवत नाही, बंदी त्या हाकत नेण्याच्या धंद्यावर आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की झेक लोक जास्त पितात म्हणून तिथे असं वातावरण असेल. दरडोई बिअर पिण्यात झेक प्रजासत्ताक कित्येक वर्षं जगात पहिल्या नंबरला आहे हे खरंच आहे, पण गाडी चालवायची असेल तर रक्तात शून्य दारू, शून्य म्हणजे शून्य, एक छोटा ग्लास पण चालत नाही. पिणं म्हणजे बसणं, असा तिकडचा हिशोब. त्या बॅचलर पार्टीसारख्या घोळक्यांत दिसणारी ब्रिटिश पोरं मात्र मोठी होतात ती राउंडच्या पद्धतीत, प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचं, त्यामुळे सगळ्यात फास्ट पिणाऱ्याचा जो वेग तोच सगळ्यांचा होतो, आणि त्यात इंग्लंडमध्ये पब रात्री 11 ला बंद व्हायचे, 2005 मध्ये नियम सैल झाले पण घाईघाईत संपवायची सवय काही लगेच जात नाही. ही सवय स्वस्त विमानाने स्वस्त बिअरच्या शहरात आली की काय होतं ते दिसतंच. ॲम्स्टरडॅमने 2023 मध्ये 18 ते 35 वयाच्या ब्रिटिश पुरुषांना उद्देशून अक्षरशः येऊ नका अशी मोहीम काढली, स्पेनच्या मायोर्का आणि इबिझा बेटांच्या पार्टीवाल्या भागात दुकानात रात्री साडेनऊनंतर दारू विकायला बंदी आणली.

पण सगळं ब्रिटिशांवर ढकलू नका प्लीज. त्याच पबच्या जवळ एका दुसऱ्या ठिकाणी मी आपल्याकडचा ग्रुप बघितला, वेटरला चुटक्या वाजवून हॅलो बॉस हॅलो बॉस करत होते, रील काढायला खुर्चीवर चढले आणि बॅगेतल्या ड्युटी फ्रीच्या बाटलीतून टेबलाखाली पेग भरत होते. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याशी मराठीत बोललोच नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण असं वागतो का?

आणि फारच चढली तर प्रागमध्ये 1951 पासून दारू उतरवायचं केंद्र ही सोय आहे, डॉक्टर यारोस्लाव स्काला यांनी सुरू केलेली. पोलीस तिथे नेऊन सोडतात, रात्रभर देखरेखीखाली ठेवतात आणि सकाळी त्याचं बिल तुमच्याच हातात देतात. ट्रॅव्हल कंपनीवाले हे सांगत नाहीत म्हणून मी सांगतोय.

परत वाघाकडे. खायला बिअर चीज मिळालं तर नक्की घ्या, उग्र वासाचं चीज, कांदा, मोहरीची पेस्ट टाकून थोड्या बिअरबरोबर कालवतात आणि ब्रेडला लावून खातात, शाकाहारी लोकांना तर वरदान. रोख कोरुना, म्हणजे झेक चलन, जवळ ठेवा. दोघं किंवा तिघं जा, आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर इथे जाऊच नका, जागा मिळणार नाही आणि मिळाली तरी तुमच्यामुळे बाकीच्यांच्या गप्पा बंद पडतील. वेटर हसून बोलेल अशी अपेक्षा नको, तो कामात आहे. फोटो काढायचा तर आपल्या ग्लासचा काढा, बाजूच्या माणसाच्या तोंडाचा नको, तो त्याच्या रोजच्या जागेवर बसलाय. दारूच नको असेल तर हा पब सोडा आणि कॅफेत जा, इथे उगाच जागा अडवू नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच. रात्री 11 ला बंद होतं, मेट्रो मध्यरात्रीनंतर थांबते, मग नव्वदीच्या नंबरांच्या रात्रीच्या ट्राम असतात, त्यातल्या बहुतेक लाझार्स्का स्टॉपवरून जातात आणि वाघापासून तिथपर्यंत आरामात चालत पोचता येतं.