जिप्सीच्या दारांची आतली पॅनेल : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या २००३ च्या मारुती जिप्सी किंग गाडीच्या दोन्ही दारांची आतली पॅनेल मी जानेवारीत बदलली आणि पाऊस पूर्ण सरेपर्यंत त्यांविषयी काहीही लिहायचे नाही, असे तेव्हाच ठरवले. कारण गोव्याच्या पावसाळी सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माणसाने गाडीच्या कोणत्याही कामाला जानेवारीत चांगले म्हणण्यात अर्थ नसतो.

जुनी पॅनेल हार्डबोर्डची होती. खालच्या कडेने ती पापडासारखी फुगली होती, क्लिपांची भोके भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती आणि दार लावले की खालचा कोपरा बाहेर येऊन पायाला लागत असे. तयार जोडीची किंमत वाहतूक धरून साडेसात हजार सांगण्यात आली. कुशनचे काम करणाऱ्याने प्लायवूडवर रेक्झिन चढवून देण्याचे अठ्ठेचाळीसशे मागितले. वीस वर्षांहून जुन्या आणि मुख्यतः कुळागरात, म्हणजे बागायतीत, नारळ-सुपारी आणायला जाणाऱ्या गाडीच्या दारांवर एवढा खर्च करणे माझ्या स्वभावात बसणारे नव्हते.

दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे एसीपीचे, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या शीटचे, उरलेले तुकडे होते. जाडी ३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ जुन्या हार्डबोर्डइतकीच. त्यामुळे क्लिपा तशाच बसणार होत्या. जुने पॅनेल वर ठेवून पेन्सिलीने आखले आणि जिगसॉने कापले. काच वर-खाली करण्याचे हँडल काढताना मात्र स्क्रू ड्रायव्हरने ठोकाठोकी करू नये. हँडलच्या मागे जुन्या कापडाची पट्टी सरकवून ती आडवी ओढली की आतली तारेची क्लिप निघून येते. शीट सहाशे, रेक्झिन सहाशे चाळीस, सोल्युशन दोनशे साठ, चाळीस क्लिपा दोनशे चाळीस आणि फोमची टेप दीडशे, असे एकूण १,८९० रुपये झाले. त्या रात्री मी स्वतःवर फारच खूश होतो.

एप्रिलमध्ये उन्हाने रेक्झिन कडांनी सुटू लागले. दोष सोल्युशनचा समजून मी दुकानदाराशी वाद घातला, तो अनाठायी होता. एसीपीवर ओरखडे पडू नयेत म्हणून एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती मी काढलीच नव्हती आणि रेक्झिन त्या फिल्मसकट निघून येत होते. सगळे सोलून, पत्रा खरवडून पुन्हा चिकटवले. तेव्हापासून ते सुटलेले नाही.

येथवर हा अनुभव पॅनेलांचा होता. जुलैपासून तो एका प्लॅस्टिकच्या कागदाचा झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी किनाऱ्यापेक्षा पाऊस जास्त, आणि जुलैच्या एका आठवड्यात तो थांबलाच नाही. पॅनेल कोरडे ठणठणीत होते, पण चालकाच्या पायाखालचे मॅट पिळून काढण्याइतके ओले होते. मी आधी छताच्या रबराला, मग काचेच्या रबराला दोष दिला. शेवटी पॅनेल उतरवून एकाला काचेवर पाणी ओतायला लावले आणि आत टॉर्च मारून पाहिले. काचेवरून ओघळणारे थोडेफार पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, हे धरूनच दार बनवलेले असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर जाते, आणि पॅनेलच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद ते आत येऊ देत नाही. माझ्या दारांत तो कागदच नव्हता, आणि तळाची भोके लाल मातीने बुजली होती.

कागद कुठे गेला हे मला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी काचेची यंत्रणा दुरुस्त करताना एका गॅरेजवाल्याने तो फाडून टाकला होता आणि मी विचारल्यावर, “भाऊ, त्याचं काही काम नसतं,” असे सांगून मजुरीचे पूर्ण पैसे घेतले होते. त्या एका वाक्याची किंमत मी पॅनेल, रेक्झिन, मॅट आणि दोन रविवार अशी मोजली. जाब विचारायला गेलो, तर त्याने मला नवे मॅट विकण्याचा प्रयत्न केला.

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या, दिवसांत सोप्यावर झड येऊ नये म्हणून आणलेल्या जाड प्लॅस्टिकचा तुकडा घरातच होता, पण तो अपुरा पडला. नवा नव्वद रुपयांना आणला. तो चिकटवायला साधी दुहेरी टेप लावू नये, ओलाव्याने ती आठवड्यात सोडते. काळी ब्युटिल टेप घ्यावी, ती दोनशे ऐंशीला मिळाली. कागदाची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत वळवली आणि तळाची भोके तारेने मोकळी केली. चतुर्थीला मुसळधार पावसात दोनदा चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन आलो, तरी मॅट कोरडेच राहिले.

त्यामुळे एसीपीविषयीचे माझे मत मला बदलावे लागत आहे. शीट टिकाऊ आहे, यात शंका नाही, पण हे ३७० रुपयांचे काम तीन वर्षांपूर्वी झाले असते तर तो हार्डबोर्डही आणखी काही वर्षे निघाला असता. शिवाय एसीपी उन्हात हार्डबोर्डपेक्षा लवकर तापते, आणि खडबडीत रस्त्यावर उजव्या दारातून अजून एक बारीक खडखड येते. फोमची टेप दोनदा बदलून झाली. आता चौथी क्लिप काढून तिच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून पाहणार आहे. ट्यूब फुकट आहे.